बिलातली सातवी ओळ

महाडच्या ज्या छोट्या दवाखान्यात मी बिलं करते, तिथं माझ्या खिडकीशी यायची कुणाला हौस नसते. डॉक्टरांकडे लोक आशेनं जातात. माझ्याकडे यावंच लागतं म्हणून येतात. अठरा वर्षं झाली या खुर्चीत. राग माझ्या नाकावर असतो असं घरचे म्हणतात. मी म्हणते, तुम्ही दिवसभर "एवढं कसं झालं?" हा एकच प्रश्न ऐकून बघा, मग बोलू.

या अठरा वर्षांत मला बिलाबद्दल दुसराच काही प्रश्न विचारणारी एकच बाई भेटली. तिची ही गोष्ट. तिचं नाव मी सांगणार नाही, कारण तिला ते आवडायचं नाही. आणि माझं सांगायची गरज नाही, ते दवाखान्याच्या प्रत्येक पावतीवर तयार करणाऱ्याच्या रकान्यात असतं आणि आजवर कुणी वाचलेलं नाही.

गौरी-गणपती होऊन गेले होते. सकाळी दहाच्या सुमाराला एक जीप आमच्या दारात इतक्या जोरात येऊन थांबली की मी बिलावरची मान वर केली. मागच्या सीटवर एक माणूस आडवा होता आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन ती बसली होती. उमरठच्या वर डोंगरात त्यांची वाडी. नवरा बरीच वर्षं मुंबईला कॅन्टीनमध्ये काम करून आता गावी परतलेला, भात आणि थोडे काजू करतो. त्या सकाळी काजूखालचं गवत कापताना त्याचा कोयता गांधीलमाश्यांच्या पोळ्याला लागला. आदल्या वर्षी एक माशी चावली होती तेव्हा अंगभर गांधी उठून भागलं होतं. या वेळी चेहरा सुजून डोळे मिटले, घसा आवळला, श्वासाला शिट्टी लागली. झोळीतून त्याला रस्त्यापर्यंत आणला आणि जीपवाल्यानं पोलादपुरात न थांबता थेट आमच्याकडे आणला, कारण त्याच्या काकाला विंचू चावला होता तेव्हा आमच्याच डॉक्टरांनी वाचवलं होतं. रस्त्यानं त्याचा जीव कसा टिकला, ते डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही.

डॉक्टर बाहेर धावले. त्यांनी माणसाला उतरवायचीसुद्धा वाट पाहिली नाही. जीपमध्येच, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, पॅन्टच्या कापडातून सुई मारली. सगळा प्रकार माझ्या खिडकीतून दिसला. मग त्याला आत नेलं, ऑक्सिजन लावला, सलाईन चढवलं. दहा-पंधरा मिनिटांनी त्यानं डोळे किलकिले केले आणि पहिला प्रश्न विचारला तो आपल्या चपलांचा. एक वाटेत पडली होती. बायकोनं त्याला तिथंच चार शब्द सुनावले, आणि नर्स म्हणाली, आता हा वाचला.

एक दिवस-रात्र देखरेखीखाली ठेवून दुसऱ्या दिवशी त्याला सोडायचं ठरलं. बिल घ्यायला तीच आली. चौथीपर्यंत शिकलेली, आकडे सराईत, अक्षरं जुळवत वाचणारी. मी नेहमीप्रमाणे "एवढं कसं झालं?" याची उत्तरं तयार ठेवून बसले होते. तिनं कागद खिडकीच्या फळीवर पसरला, तळव्यानं सरळ केला आणि मला विचारलं, "ताई, ह्यातली कुठली ओळ? मान्साला परत आनलं, ती."

मला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा मी सातव्या ओळीवर पेन टेकवलं. 'अ‍ॅड्रिनॅलिन इंजेक्शन, एक नग.' पुढची रक्कम त्या अख्ख्या बिलात सगळ्यात लहान होती. त्या पैशात आमच्या एसटी स्टँडसमोर एक वडापाव येतो.

तिला वाटलं मी तिची चेष्टा करते आहे. तिच्या मते माणूस आणला होता तो सलाईनच्या बाटलीनं. रात्रभर तीच लटकून थेंब-थेंब गळत होती, सगळ्या वॉर्डानं पाहिलं होतं. जीपमधली ती एका क्षणाची सुई तिच्या लक्षातही नव्हती. आमच्याकडे डोंगरातली माणसं सलाईनला फार मानतात. नुसता ताप आला तरी "एक बाटली लावा" म्हणतात. मी तिला म्हटलं, वहिनी, मूर्ती लहान पण कीर्ती महान. बाटलीनं नंतर टेकू दिला, पण ओढून आणलं ते या सातव्यानं. तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

मग डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं. पुढच्या वेळी एक माशीसुद्धा याला पुरेल. वाडीपासून महाडपर्यंत जो वेळ जातो तेवढा वेळ त्याच्याकडे असेलच असं नाही. तेव्हा इंजेक्शन घरातच हवं आणि ते बायकोला देता यायला हवं. दोन अँप्युल, दोन सिरिंज बरोबर द्या, असं त्यांनी मला सांगितलं.

मी विरोध केला. हे मी लपवणार नाही. त्यांचा विमा होता, बँकेच्या खात्याबरोबर घेतलेला, आणि विमावाल्यांच्या लेखी जे औषध दवाखान्यात टोचलं गेलं नाही ते औषधच नव्हे. असली ओळ दिसली की ते शंका काढतात, मग खुलासे लिहीत बसायचं मी. डॉक्टर म्हणाले, "मग बिलात घालू नका. पण दिल्याशिवाय मी तिला सोडणार नाही." मी कुरकुरत वेगळी पावती केली. आणि कुरकुर करणाऱ्या माणसालाच कामाला जुंपायची आमच्या नर्सची जुनी खोड असल्यामुळे, तिची शिकवणी चालू असताना, सुई टोचायच्या सरावासाठी आणलेली कच्ची पपई धरून उभं राहायचं काम माझ्याकडे आलं.

अँप्युल म्हणजे करंगळीच्या पेराएवढी काचेची कुपी. तिची मान मोडायची, औषध सिरिंजमध्ये खेचायचं, अर्ध्या खुणेपर्यंत ठेवायचं, बाकीचं टाकायचं. शिकाऊ पोरींच्या हातात पहिल्या चार-पाच तरी कुप्यांचा चुरा होतो. हिनं सरावाला दिलेली पहिलीच कुपी अशी मोडली की काचेचा कण पडला नाही. आयुष्यभर काजूच्या बिया फोडलेली बोटं ती. सुई मारताना मात्र ती अडली. पपईच आहे, असं मी म्हटलं, तर म्हणाली, पपईच्या जागी त्यांची मांडी दिसते. त्या दुपारी तिनं पपईला सतरा-अठरा वेळा टोचलं असेल. शेवटी सुई एका दमात आत जायला लागली.

डॉक्टरांनी सूचना लिहून दिल्या: आडवा करा, मांडीत बाहेरून मारा, पाय वर ठेवा, उठू देऊ नका, फोन करा, बरं वाटलं तरी घेऊन या. मी त्या मोठ्या अक्षरांत डब्यावर चिकटवल्या आणि खाली खिडकीवरचा नंबर लिहिला. डबा उन्हात नको, चुलीजवळ नको, औषधाचा रंग बदलला की चालणार नाही, वर्ष संपत आलं की बदलून न्यायचं. अडलं तर विचारा, असंही मी म्हटलं. आमच्याकडे असं सगळ्यांनाच म्हणतात. कुणी विचारत नाही.

त्यानंतर महिनाभरात खंडेनवमी आली. सकाळी मी झेंडू घ्यायला चवदार तळ्याच्या बाजूच्या बाजारात गेले, तर एका गोणपाटावर झेंडूची रास आणि आपट्याच्या फांद्या मांडून तीच बसलेली. तिनं माझ्याकडून पैसे घ्यायचे नाहीत असा चंग बांधला आणि मी दिल्याशिवाय फूल उचलायचं नाही असा. अखेर निम्म्यावर तोडगा निघाला, आणि उरलेल्या निम्म्याची फेड म्हणून की काय, फुलांची पिशवी उचलून ती स्वतःच दवाखान्यापर्यंत आली.

आत आमची पूजा मांडलेली होती. पाटावर डॉक्टरांचा स्टेथोस्कोप, बीपीचं यंत्र, ऑपरेशनच्या दोन कात्र्या. आणि माझ्या टेबलावर माझी वेगळी पूजा: बिलाचा प्रिंटर, स्टेपलर, दवाखान्याचा गोल शिक्का. सगळ्यांना हळदकुंकू, अक्षता. तिला गंमत वाटली. वाडीत कोयते, विळे, नांगर पूजतात. प्रिंटर पूजलेला तिनं पाहिला नव्हता. तिनं विचारलं, ह्याची कशाला? मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की ज्याच्यावर आपलं चालतं त्याला वर्षातून एकदा नमस्कार करायचा असतो. आणि आज पेशंट आला तर, असं तिनं पुढं विचारलं. आज हातानं बिल लिहायचं. पूजेला बसवलेल्या वस्तूला उद्या उत्तरपूजा होईपर्यंत हात लावायचा नाही, वर्षभर राबते ती, एक दिवस विसावा. हे मी असं बोलले जशी काही मी चार वेद वाचून आले होते. खरं तर त्या दिवशी प्रिंटरमधली शाईही संपली होती.

ती मान हलवत सगळं ऐकून गेली. मी विसरले, ती विसरली नाही.

पुढच्या वर्षी गणपतीच्या आधी ती येऊन कुप्या बदलून घेऊन गेली. नवऱ्याला वर्षभरात काही चावलं नव्हतं. आता तो गवतात जाताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो, म्हणाली, आणि डोक्याला मफलर. लोक विचारतात, काश्मीरला चाललास काय? आम्ही दोघी हसलो.

आणि मग ती खंडेनवमी. दुपारी एकच्या पुढे, मी टेबलावर पूजेशेजारी जागा करून जेवणाचा डबा उघडणार तोच खिडकीवरचा फोन वाजला. आवाज तुटत होता. त्यांच्या वाडीत अंगणाच्या एका कोपऱ्यातच रेंज येते. तरी मी ओळखला.

"ताई, गांधीलमाशी चावली त्यांना. मानेला. घसा धरलाय, बोलता येत नाय. इंजेक्शन पूजेला बसवलंय गो. सासू हात लावू देत नाय, उत्तरपूजा उद्याला हाय म्हणते. हलवू काय?"

मागून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज येत होता. देवाचं उचलू नको, उचललंस तर उलटं होईल, असं ती रडत रडत पुन्हा पुन्हा म्हणत होती. मुलगा तिचाच होता. तिला तो मरायला नको होता. तिला वाटत होतं, पूजा मोडली तरच तो मरेल. मला तिचा राग यायला हवा होता, तो आला नाही. माझी पाचावर धारण बसली, कारण त्या म्हातारीच्या तोंडची वाक्यं माझी होती. ज्याच्यावर आपलं चालतं त्याला नमस्कार. उद्यापर्यंत हात लावायचा नाही. त्या घराचं कशावर चालत होतं? त्या माणसावर, आणि तो माणूस त्या कुपीवर. कोयत्याशेजारी ती कुपी मांडून तिनं माझा शब्द काटेकोर पाळला होता.

मी नर्सला हाक मारून डॉक्टरांना बोलवायला सांगितलं. डॉक्टर ऑपरेशनमध्ये हात अडकवून होते. फोनवर तिचा श्वास ऐकू येत होता. ती माझी परवानगी मागत होती आणि मी बिलं करणारी बाई. "पूजाबिजा गेली खड्ड्यात" असं जिभेवर आलं होतं. तसं बोलले असते तर म्हातारीनं हात आणखी घट्ट धरला असता, हे मला कसं सुचलं माहीत नाही. आठवले ते माझे वडील. ते इथल्याच एसटी डेपोत मेकॅनिक होते. दर खंडेनवमीला डेपोतल्या गाड्यांना हार घालायचे, चाकाखाली नारळ फोडायचे, आणि पूजा झाल्या झाल्या पहिली गाडी वेळेवर पोलादपूरला सोडायचे. कोण म्हणालं, गाडी उद्यापर्यंत उभी ठेवा?

त्या क्षणापर्यंत मी तिला अहो-जाहो करत होते. तेव्हा पहिल्यांदा एकेरीवर आले.

"एसटीची पूजा करतात आणि तीच गाडी हार घालून लगेच सुटते की नाही? पूजा कामासाठीच असते. सासूला सांग, मी सांगितलंय. चार अक्षता टाक, नमस्कार कर, जागेवरून हलव आणि मार. मांडीत, बाहेरून. अर्धी खूण."

फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज आला. मग नुसतं अंगण ऐकू येत राहिलं. एक कोंबडी, कुणाच्या तरी धावण्याची पावलं, आणि ती म्हातारी, आता काहीतरी वेगळं पुटपुटणारी. काचेची मान मोडल्याचा आवाज मला ऐकू आला असं मी आजही सांगते. नर्स म्हणते, शक्य नाही.

मी देवभोळी नाही, पण समोर टेबलावर पूजेत ठेवलेल्या शिक्क्याकडे पाहत मी काय काय कबूल केलं ते मलाच ठाऊक. आयुष्यात एवढी भीती मला स्वतःसाठीही कधी वाटली नव्हती. डॉक्टर शेवटचा टाका घालून, हातमोजे ओढून काढत धावत आले आणि त्यांनी रिसीव्हर घेतला. तेवढ्यात तिकडून ती परत आली. दिलं, म्हणाली. आडवा आहे, पाय भाताच्या पोत्यावर. ओठ अजून निळे. डॉक्टर घड्याळाकडे बघत एकेक विचारत राहिले. काही मिनिटांनी त्यांचे खांदे खाली आले आणि त्यांनी फोनवर हात ठेवून मला सांगितलं की पेशंट शिव्या देतो आहे, पोतं कडक आहे म्हणून. मी खुर्चीत बसून रडले. पुढच्या पेशंटच्या नातेवाइकानं घाबरून बिल न बघताच पैसे दिले.

दुसरी कुपी डब्यात तयार ठेवून त्याला जीपनं महाडला आणलं. ती लागली नाही. रात्रभर इथं ठेवला, आणि दसऱ्याच्या दिवशी सकाळी सोडायचं ठरलं.

बिल घ्यायला पुन्हा तीच आली. या वेळी नवराही मागे उभा होता, मानेला सूज, हातात आपट्याची पानं. प्रिंटर पूजेतच होता, त्यामुळे बिल मी हातानं लिहिलं होतं. तिनं कागद फळीवर पसरून तळव्यानं सरळ केला आणि बोटानं ओळी मोजल्या. सहाच भरल्या.

"सात नंबर कुठं हाय?"

मी सांगितलं की ते इंजेक्शन दवाखान्यानं दिलं नाही, तू दिलंस. त्याची पावती गणपतीच्या आधीच झाली. म्हणून ते या बिलात येत नाही. नियमानं हे अगदी बरोबर उत्तर होतं. तिनं ते ऐकून घेतलं.

"मंग मान्साला कशानं आनलं, ते ह्यात नायच की," ती म्हणाली. तक्रार नव्हती ती. नुसतं सांगत होती.

अठरा वर्षांत मी बिलात एकही ओळ नियमाबाहेर घातलेली नाही. तो कागद मी परत ओढला आणि सहाव्या ओळीच्या खाली लिहिलं: '७. अ‍ॅड्रिनॅलिन इंजेक्शन, एक नग. दिले: पत्नीने, घरी.' रकमेच्या रकान्यात शून्य लिहिलं. विमावाले शंका काढतील, काढू देत. खुलासे लिहायला मी बसलेलीच आहे.

शिक्का मारायचा होता आणि शिक्का पूजेत होता, उत्तरपूजा अजून व्हायची. मी हात पुढे केला आणि माझाच हात थांबला. तिनं ते पाहिलं. खिडकीतून हात घालून तिनं ताटलीतल्या चार अक्षता उचलल्या, शिक्क्यावर टाकल्या, नमस्कार केला, त्याला जागेवरून जरासा हलवला आणि उचलून माझ्या हातात दिला. मी शिक्का मारला. कडेला हळद राहिली होती, ती कागदावर पिवळी उमटली.

तिला एवढी अक्षरं एकदम जुळेनात, म्हणून तिनं कागद मागे नवऱ्याकडे दिला. त्यानं सातवी ओळ बसलेल्या आवाजात वाचली. 'दिले' म्हणून तो थांबला, बायकोकडे बघितलं आणि मग पुढचे दोन शब्द वाचले. तिनं त्याला ती ओळ पुन्हा एकदा वाचायला लावली.